मय्यतीनंतरचा प्रवास : विस्मरण की सिलारहमी?



घरातील वडीलधारे माणूस अल्लाहच्या रहमतीत जाते. जनाजा उठतो. तीन दिवस ताजियतीसाठी येणाऱ्यांची रीघ लागते आणि मग घर रिकामे होते. महिना-दीड महिन्याने बीदरहून फुफीचा किंवा हैदराबादहून मामूंचा फोन येतो : मुलांना घेऊन चार दिवस इकडे या, सगळे एकत्र राहू, किल्ला पाहू, तेवढेच मन हलके होईल. या एका फोनने घरात दोन तट पडतात. तरुण मंडळी बॅगा भरण्याच्या विचारात असतात, तर कोणी वडीलधारे म्हणतात, "अजून कबरीची माती ओली आहे आणि तुम्हाला फिरणे सुचते?" शेजारीपाजारी काय म्हणतील, ही धास्ती वेगळीच.

उदगीरसारख्या गावात हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. विचारणाऱ्याला बहुधा केवळ 'जायज' की 'नाजायज' एवढेच उत्तर हवे असते. परंतु या प्रश्नाच्या तळाशी एक खोल नैतिक प्रश्न आहे. जो गेला त्याच्याशी आपण एकनिष्ठ आहोत, हे कशावरून ठरते? दुःखाच्या जागी थांबून राहण्यावरून, की दुःखानंतर उचललेल्या पावलांवरून? या लेखात त्याच प्रश्नाचा विचार आपण कुरआन व सुन्नतच्या प्रकाशात करणार आहोत.

सर्वप्रथम एक भेद स्पष्ट करून घ्यावा लागेल. शरीअतने मर्यादा घातली आहे ती सोगाला, म्हणजे शोकाच्या बाह्य आचरणाला. साजशृंगार टाकणे, सुगंध वर्ज्य करणे, नित्याचे व्यवहार थांबवणे, हा सोग होय. मनातील दुःख ही वेगळी गोष्ट आहे आणि त्याला कोणतीही तारीख घातलेली नाही. आपले चिमुकले पुत्र इब्राहीम यांच्या अखेरच्या क्षणी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे डोळे वाहत होते, आणि ते अश्रू म्हणजे दया आहे, असे त्यांनी पाहणाऱ्यांना समजावले. मात्र सोगाविषयी त्यांची शिकवण स्पष्ट आहे : कोणत्याही मृतासाठी तीन दिवसांहून अधिक सोग पाळू नये. याला अपवाद केवळ पत्नीचा. पतीच्या निधनानंतर तिच्यासाठी चार महिने दहा दिवसांची मुदत आहे, आणि ती सूरह बकरामध्ये नमूद आहे. ती गरोदर असेल तर ही मुदत प्रसूतीपर्यंत असते.

या शिकवणीचा अर्थ सहाबांच्या घरात कसा लावला गेला, ते पाहण्यासारखे आहे. उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे हबीबा (रजि.) यांना पिता हजरत अबू सुफियान (रजि.) यांच्या निधनाची वार्ता मिळाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुगंध मागवला व तो स्वतःला लावला. त्यांनी सांगितले की, त्यांना सुगंधाची मुळीच गरज नव्हती, प्रेषितांची (स.) शिकवण कानांनी ऐकली होती, म्हणून त्या असे करीत होत्या. वाचकहो, या कृतीवर क्षणभर थांबा. सुगंध लावणाऱ्या त्या मुलीच्या मनात पित्याचे दुःख संपले होते काय? नाही. तरीही त्यांनी सोग संपवला. म्हणजे सोग संपवणे हे विसरण्याचे लक्षण नसून आज्ञापालनाचे लक्षण असू शकते. ज्याला आपण 'मय्यतीचा मान' समजून चाळीस दिवस किंवा वर्षभर लांबवतो, त्यातील बराचसा भाग दीनचा नसून समाजाच्या भीतीचा असतो.

आता दुसरे पाऊल. सोग संपल्यावर काय करावे? हिजरी सन ८ मध्ये मूताच्या युद्धात हजरत जाफर (रजि.) शहीद झाले. ते प्रेषितांचे (स.) चुलतबंधू होते. वार्ता येताच प्रेषितांनी (स.) जाफर यांच्या घरच्यांसाठी अन्न शिजवण्यास सांगितले, कारण त्या घरावर असा प्रसंग ओढवला होता की त्यांना चुलीकडे पाहण्याची सवड नव्हती. तीन दिवस त्यांनी त्या घराला शोकासाठी दिले. मग ते स्वतः तेथे गेले, विलाप थांबवण्यास सांगितले आणि भावाच्या मुलांना जवळ बोलावले. त्या मुलांपैकी अब्दुल्लाह (रजि.) पुढे आठवण सांगत की, त्यांना पक्ष्याच्या पिलांसारखे पुढे आणले गेले. प्रेषितांनी (स.) न्हावी बोलावून मुलांचे केस उतरवून घेतले. मुलांच्या आईने त्यांच्या पोरकेपणाची काळजी बोलून दाखवली, तेव्हा या मुलांचा पालक मी आहे, असा धीर त्यांनी दिला.

या घटनेत चौथ्या दिवसाचा धडा आहे. शोकाचे तीन दिवस संपले, आता सर्वांनी आपापल्या कामाला लागावे, असे तेथे घडले नाही. शोक संपला आणि नाते सुरू झाले. मुलांची विस्कटलेली डोकी, त्यांचे अन्न, त्यांचा आधार याकडे कुटुंबातील वडीलधाऱ्याने लक्ष दिले. आपल्याकडे बरोबर उलटे घडते. तीन दिवस घर माणसांनी भरलेले असते, बऱ्याचदा दुःखी घरालाच त्या माणसांच्या जेवणाची सोय करावी लागते, आणि ज्या दिवशी आधाराची खरी गरज सुरू होते त्या दिवशी अंगणात चप्पल उरत नाही. म्हणून महिन्याभराने फुफीचा जो फोन येतो, त्याकडे करमणुकीचे आमंत्रण म्हणून पाहू नका. तो त्या चौथ्या दिवसाचाच एक भाग असू शकतो.

तिसरी गोष्ट मृताच्या हक्काची. माणूस जातो तेव्हा त्याची नाती त्याच्याबरोबर कबरीत जात नाहीत. ती वारशासारखी आपल्याकडे येतात. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) मक्केच्या वाटेवर असताना त्यांना एक बदू भेटला. त्यांनी स्वतःचे गाढव त्याला बसायला दिले आणि डोक्यावरचा अमामाही उतरवून दिला. सोबत्यांना नवल वाटले. बदू लोक तर थोडक्यातही समाधानी होतात! तेव्हा त्यांनी कारण सांगितले : या माणसाचे वडील माझे वडील हजरत उमर (रजि.) यांचे मित्र होते, आणि पित्याच्या स्नेह्यांशी नाते टिकवणे ही पित्याशी केलेली सर्वांत मोठी नेकी आहे, असे प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे. मित्राच्या मुलाचा एवढा हक्क असेल, तर सख्ख्या बहिणीचा, मावशीचा, चुलत्याचा हक्क किती? हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतर कित्येक वर्षे, बकरी कापली की तिचे वाटे त्यांच्या मैत्रिणींकडे पाठवले जात. पत्नीची आठवण जपण्याची ही प्रेषितांची (स.) रीत होती. ती आठवण रडण्यापुरती उरली नाही, ती मैत्रिणींच्या दारापर्यंत पोहोचली.

ही बाब आपल्या भागाला विशेष लागू पडते. १९५६ पर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता. त्या वर्षी राज्य पुनर्रचना झाली. उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात आले, बीदर म्हैसूर राज्यात गेले, हैदराबाद आंध्र प्रदेशात. पुढे १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला. कागदावरची रेघ बदलली तेव्हा रोटी-बेटीचे व्यवहार मात्र पूर्वीचेच होते. म्हणून आज एकाच आजोबांच्या नातवंडांपैकी कोणी मराठी शाळेत शिकतो, कोणी कन्नड, कोणी तेलुगू. त्यांना जोडणारा दुवा बहुतेक घरांत एखादी दादी, एखादे नाना असतात. सर्वांचे पत्ते, लग्ने, बाळंतपणे, रुसवेफुगवे त्यांनाच पाठ असतात. ते माणूस गेले की शोक एका घराला होतो, पण तुटतात तीन राज्यांतले धागे.

याच्याही मागे जुनी एक जखम आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात व त्यानंतर या भागातील अनेक मुस्लिम वस्त्यांवर मोठा घाला पडला. केंद्र सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळाने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व नांदेड यांच्याबरोबर बीदरचे नाव घेतले. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुस्लिम कुटुंबांना वाचवल्याचीही नोंद त्या अहवालात आहे. जी माणसे तेव्हा घर सोडून गेली त्यांपैकी काही परतली, काही जिथे आसरा मिळाला तिथेच राहिली. दुःख इतके मोठे होते की त्या गावाकडे पुन्हा तोंड करणे अनेकांना जमले नाही. आज त्यांच्या नातवंडांना आपले आजोळ कोणत्या गावी होते हे सांगता येत नाही. त्या पिढीला दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांनी जे सोसले ते आपण सोसलेले नाही. परंतु दुःखानंतर भेटीगाठी थांबल्या की काय हरवते, हे त्यातून आपल्याला दिसते. प्रथम माणूस हरवते, मग नाते, आणि शेवटी नावही.

अलीकडे कोरोनाच्या २०२० व २०२१ या वर्षांत अनेक जनाजे मोजक्या माणसांत उठले. कित्येकांना सख्ख्या भावाच्या दफनविधीलाही पोहोचता आले नाही. फुकहांनी सामान्यतः ताजियतीची मुदत तीन दिवस सांगितली आहे, परंतु जो दूर होता किंवा येऊ शकला नाही, त्याला नंतरही मुभा ठेवली आहे. ज्या घरी तेव्हा जाणे झाले नाही, तिथे आजवर गेलो नसू, तर 'आता कोणत्या तोंडाने जायचे' असे म्हणून ती भेट टाळू नये.

येथे कोणी विचारेल : नातेवाइकांकडे जाणे समजले, पण किल्ले, मकबरे, इमारती पाहत फिरणे हे कशासाठी? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर कुरआनातच शोधावे लागेल. पृथ्वीवर फिरा आणि पाहा, ही आज्ञा कुरआनात अनेक ठिकाणी आली आहे. सूरह अन्कबूतमध्ये ती सृष्टीच्या आरंभाकडे पाहण्यासाठी आहे. सूरह हजमध्ये प्रवासाचा संबंध समजणाऱ्या हृदयाशी जोडला आहे, आणि आंधळेपण डोळ्यांचे नसून छातीतील हृदयांचे असते, असे तेथे बजावले आहे. अनेक सीरतकारांनी लिहिले आहे की, हजरत खदीजा (रजि.) आणि चुलते अबू तालिब यांच्या वियोगाचे जे वर्ष 'दुःखाचे वर्ष' म्हणून ओळखले जाते, त्यानंतर मेअराजचा प्रवास घडला. सूरह बनी इस्राईलच्या पहिल्याच आयतीत त्या प्रवासाचा उद्देश सांगितला आहे : आपल्या काही निशाण्या दाखवणे. त्या प्रवासाशी आपल्या सहलींची तुलना होऊच शकत नाही. परंतु शोकाकुल हृदयाला अल्लाहने निशाण्या दाखवून धीर दिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

उदगीरहून भालकीमार्गे रेल्वेने बीदरला गेलात, तर शहराबाहेर अष्टूर येथे बहमनी सुलतानांचे मकबरे एका रांगेत उभे आहेत. राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणणारे अहमद शाह तेथे दफन आहेत. त्यांच्या मकबऱ्यातील रंगकाम व सुलेखन आजही पाहणाऱ्याला थांबवते. त्याच रांगेत हुमायून शाह बहमनीचा मकबरा आहे. तो कठोर शासक म्हणून इतिहासात बदनाम आहे. त्याच्या मकबऱ्यावर वीज पडली आणि अर्धा घुमट कोसळला; उरलेला अर्धा आभाळाखाली उघडा आहे. शहरात ख्वाजा महमूद गावान यांचा १४७२ मधील मदरसा आहे. गीलानहून व्यापारासाठी आलेला हा माणूस राज्याचा वजीर झाला, त्याने विद्येसाठी तीन मजली वास्तू उभारली, आणि १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून सुलतानाने त्याला ठार करवले. वर्षभरात तो सुलतानही या जगातून गेला. पुढे स्फोटात त्या इमारतीचा मोठा भाग उडाला, तरी दर्शनी भागावर रंगीत कौलांचे तुकडे अजून चमकतात.

बाहेर जाणे शक्य नसेल तर आपल्या उदगीरचा किल्ला आहेच. फेब्रुवारी १७६० मध्ये येथे मराठ्यांनी निजामावर विजय मिळवला. सदाशिवरावभाऊ सेनापती होते, आणि तोफखाना इब्राहिमखान गारदी यांच्याकडे होता. अकरा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले आणि हे दोघेही उरले नाहीत. किल्ल्याच्या तटावर उभे राहून हे मुलांना सांगा. ज्या मुलाने नुकतीच दादाच्या कबरीवर मूठभर माती टाकली आहे, त्याला जय-पराजयाच्या तारखांपेक्षा अधिक काही यातून कळेल. मृत्यू केवळ आपल्या घरी आलेला नाही, तो प्रत्येक दारातून गेला आहे, हे त्याला उपदेशाशिवाय समजेल. एका खोलीत समोरासमोर बसून जी गोष्ट तोंडातून निघत नाही, ती पायऱ्या चढताना, सावलीत डबा सोडताना सहज निघते : दादा शेवटी काय म्हणाले, कोणावर त्यांचा अधिक जीव होता, काय करायचे राहून गेले.

मात्र या प्रवासाच्या काही मर्यादा आहेत आणि त्या न पाळल्यास तोच प्रवास गुन्हा ठरू शकतो.

पहिली मर्यादा खर्चाची. मृताच्या मालमत्तेतून प्रथम कफन-दफन, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आत वसियत, आणि उरलेले वारसांचे. वाटणी झालेली नसताना, वारसांत अल्पवयीन मुले असताना, त्या सामाईक पैशातून जेवणावळी घालणे किंवा गाड्या ठरवणे म्हणजे यतीमांचा माल खाणे होय. सूरह निसामध्ये अशा खाण्याला पोटात आग भरणे म्हटले आहे. 'मुलांनाच तर फिरवले' ही सबब तेथे चालणार नाही. बहिणीचा हिस्सा दडवून तिलाच किल्ला दाखवायला नेणारा भाऊ तिचे सांत्वन करीत नाही.

दुसरी मर्यादा विधवेच्या इद्दतीची. तिची मुदत पूर्ण होईपर्यंत तिला सहलीला नेणे योग्य नाही. पण म्हणून तिला एकटी घरी ठेवून बाकीच्यांनी निघून जावे, हेही माणुसकीचे नाही. अशा वेळी प्रवासाची दिशा बदलावी. नातेवाइकांनी तिच्याकडे यावे. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर हजरत अबूबक्र (रजि.) यांनी हजरत उमर (रजि.) यांना सुचवले की, प्रेषित (स.) जसे उम्मे ऐमन (रजि.) यांच्या भेटीला जात, तसे आपणही जाऊ. दोघे गेले. त्यांना पाहून त्या रडू लागल्या. आकाशातून येणारी वही आता थांबली, याचे त्यांना दुःख होते. सांत्वनासाठी गेलेले दोघेही त्यांच्यासोबत रडले. एक खलीफा, एक भावी खलीफा आणि लहानपणी प्रेषितांना (स.) सांभाळणारी वृद्धा. या भेटीत कोणी कोणाला गप्प केले नाही.

तिसरी मर्यादा यजमानाची. पाहुणचाराचा हक्क तीन दिवसांचा आहे. त्यापुढे यजमान जे करतो ते सदका असते, आणि त्याला अडचण होईल इतके राहू नये, अशी शिकवण आहे. चौथी मर्यादा प्रदर्शनाची. कबरी व मकबऱ्यांच्या ठिकाणी हास्यविनोदाचा गलबला आणि फोटोंची चढाओढ चालली, तर इबरत कोणी घ्यायची? कबरींच्या भेटीची परवानगी आखिरतची आठवण व्हावी म्हणून देण्यात आली आहे.

आणि ज्याचे मन अजून तयार नाही त्याचे काय? तरुण मुलगा गमावलेली आई म्हणते, मला कुठेच यायचे नाही. तिला ओढून नेऊ नका आणि 'अल्लाहची मर्जी' म्हणून तिचे तोंडही बंद करू नका. हजरत याकूब (अ.) यांचे उदाहरण समोर ठेवा. पुत्रवियोगाने त्यांचे डोळे पांढरे झाले. ते पैगंबर होते, तरी त्यांचे दुःख वर्षानुवर्षे टिकले, आणि त्यांनी आपल्या वेदनेची फिर्याद केवळ अल्लाहपाशी मांडली. परंतु त्याच दुःखात, घरात बसून, त्यांनी मुलांना सांगितले की जा, यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका. स्वतः निघण्याचे बळ नव्हते, तरी मुलांना त्यांनी रोखून धरले नाही. ती मुले प्रवासाला निघाली म्हणूनच भाऊ भावाला भेटला. यूसुफ (अ.) यांनी जुन्या अपराधाचा हिशेब मागितला नाही. आणि अखेरीस वृद्ध पिताही संपूर्ण कुटुंबासह मिसरला पोहोचला. मुलांनी घरीच बसून सोबत रडण्याची अट त्यांनी घातली असती, तर हे पुनर्मीलन झाले नसते.

तात्पर्य, मय्यतीनंतरच्या प्रवासाला एकच कसोटी लावून पाहा. हा प्रवास गेलेल्या माणसाने जोडलेल्या माणसांकडे जातो आहे की त्यांच्यापासून दूर? महागड्या हॉटेलात राहून वाटेवरच्या गावातील खालाला न भेटता परत येणारा प्रवास विस्मरणाचा आहे, मग तो वर्षानंतर केला तरी. आणि तीन वर्षे अबोला धरलेल्या चुलत्याच्या दारात जाऊन, त्याच्या नातवंडांना सोबत घेऊन किल्ला चढणारा प्रवास सिलारहमीचा आहे, मग तो चाळीस दिवसांच्या आत केला तरी. नाते जोडणारा तो, जो तुटलेले जोडतो, परतफेड करणारा नव्हे, ही प्रेषितांची (स.) व्याख्या आहे.

तेव्हा पुढच्या सुट्टीत बसून एक यादी करा. आपल्या घरून जे माणूस गेले, त्याच्या बहिणी, भाऊ, मेहुणे, मित्र आज कोठे आहेत ते लिहा. ज्यांचा पत्ता सापडत नाही तो घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, आणि आजच विचारा. मग निघा. वाटेत एखादा किल्ला लागला तर तोही पाहा, आणि तिथे ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही त्यांच्यासाठीही मगफिरतीची दुआ करा.

अल्लाह आपल्या मृतांची मगफिरत करो, आपल्या तुटलेल्या नात्यांना जोडण्याची तौफीक देवो आणि आपणा सर्वांना जन्नतमध्ये आप्तांसह एकत्र करो. आमीन.